मास्तरांचा लाल शेरा

नगरपरिषदेच्या बिनपगारी सल्लागार समितीवर नेमणूक झाल्यापासून निवृत्त हेडमास्तरांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. कुठल्या बसथांब्यांवर बाक हवेत, हे बघायला समितीचे पाच जण दोन महिने उन्हातान्हात हिंडले. मग मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात बारा पानी अहवाल लिहून परिषदेला दिला.

परिषदेत तो कोणी उघडूनही पाहिला नाही. पण न वाचता मंजूर करायचा, तर उद्या अंगाशी यायचं. म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे अहवाल 'संबंधित समितीच्या अभिप्रायासाठी' पाठवला गेला. संबंधित समिती म्हणजे मास्तरांचीच. आठवड्याभरात अहवाल मास्तरांच्या घरी हजर!

मास्तरांनी लाल पेन काढलं. तीस वर्षं पेपर तपासलेला हात तो, शेरा मारल्याशिवाय कागद परत करणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"अहो, हा तुमचाच ना?" बायको म्हणाली. "उत्तम आहे म्हणून लिहा आणि द्या पाठवून."

"माझा असला म्हणून काय झालं? मी सख्ख्या भावालाही नापास केलंय!" मास्तर बाणेदारपणे म्हणाले आणि त्यांनी शेवटच्या पानावर लिहिलं, 'प्रयत्न चांगला. अजून अभ्यासाची गरज आहे.'

पुढच्या सभेत परिषदेने 'अजून अभ्यासाची गरज आहे' हा समितीचा सल्ला पहिल्यांदाच मान्य केला, तोही एकमताने आणि टाळ्या वाजवून. मास्तरांची छाती फुगली. त्याच फुगल्या छातीने ते घरची बस येईपर्यंत पाऊण तास थांब्यावर ताटकळत उभे होते.