मीठ टाकायचं राहून गेलेला चमत्कार

रविवारी सकाळी सात वाजता पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर चारशे माणसं हातात रिकामी वाटी घेऊन बसली होती. वाट्या वेगवेगळ्या होत्या. पितळी, स्टीलच्या, एक तर चक्क तान्ह्या बाळाच्या घुटीची. चेहऱ्यांवरचा भाव मात्र एकच होता. चार दिवस पोट साफ न झालेल्या माणसाचा.

मांडवात अतसानंद महाराज निळं रेशमी उपरणं घेऊन डोळे मिटून बसले होते. त्यांचा पट्टशिष्य झुलाल माईकवर होता.

"महाराजांनी सातपुड्यात सोळा वर्षं एका पायावर तप केलं! मग अतसीमाता प्रसन्न झाली. म्हणाली, माग! महाराज म्हणाले, माते, मला स्वतःसाठी काही नको. तू फक्त जळगाव जिल्ह्याचं पोट साफ कर!"

"अतसीमाता की जय!"

"धुळे जिल्ह्याचं पण करा!" मागून एक जण ओरडला. धुळ्याहून दोन जीपा भरून आल्या होत्या.

"धुळे पुढच्या महिन्यात," झुलाल म्हणाला.

"सोळा वर्षं एकच पाय?" रिक्षावाला हिलाल मोठ्यानं म्हणाला. "मंग दुसरा पायनी चप्पल नवी कोरी ऱ्हायनी व्हई!"

आजूबाजूचे हसले. महाराजांनी एक डोळा उघडला, हिलालकडे पाहिलं आणि झुलालला बोटानं काहीतरी खूण केली.

मग चमत्कार सुरू झाला. झुलालनं प्रत्येकाच्या वाटीत डब्यातून दोन चमचे तपकिरी भस्म घातलं आणि थर्मासमधलं पाच चमचे कोमट पाणी ओतलं. भक्तानं वाटी पोटाशी धरायची, पीडा मनात आणायची आणि सगळ्यांनी मिळून "अतसीमाते, पीडा बांध" हा जप एकशे आठ वेळा करायचा. मी घड्याळ लावलं. जपाला अकरा मिनिटं लागली.

त्यानंतर महाराज उठले आणि एकेकाच्या डोक्यावर त्याची वाटी उलटी धरू लागले. थेंबही पडेना! पाणी वाटीला घट्ट चिकटून बसलेलं. "पीडा बंध गई! आता ही पीडा ग्रहण करा आणि दिवसभरात सात तांबे पाणी प्या!"

पीडा पोटातून काढली असेल तर ती परत पोटात का घालायची, असा प्रश्न चारशेपैकी कोणालाही पडला नाही.

हिलालच्या डोक्यावर वाटी उलटी झाली, तेव्हा मात्र सगळं पाणी त्याच्या मानेवरून शर्टात गेलं. "श्रद्धा नाही!" झुलाल गरजला. मी पहिल्या ओळीत नव्हते, पण एवढं मला दिसलं होतं: हिलालचं भस्म झुलालनं दुसऱ्या डब्यातून घातलं होतं.

शेवटी अनुभव सांगायला आमचे शेजारी रुपचंद आबा उठले. आबा बत्तीस वर्षं भुसावळला रेल्वेत गार्ड होते.

"रिटायर झाल्यापासून माझी गाडी रोज आउटरला उभी," आबा माईकवर म्हणाले. "सिग्नलच नाही. कधी तीन दिवस, कधी पाच. मातेचं भस्म सुरू केलं आणि आता रोज सकाळी सहा वीस. राइट टाईम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांच्या पत्नी कमलअक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही.

दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते, आणि रक्तदाब मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे, एवढ्यावर कॉलनी मला अर्धी डॉक्टर समजते. मी आबांचा रक्तदाब मोजला. एकशे शहात्तर आणि एकशे दोन. खात्री करायला दहा मिनिटांनी पुन्हा मोजला. तेवढाच.

"आबा, गोळी घेताय ना?"

"तीन आठवडे झाले सोडून. महाराज म्हणाले, मातेला दुसरं औषध चालत नाही."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"दिपमाला, तू शास्त्र शिकलीस. मला एकच सांग. माझी गाडी सुटली की नाही?"

"सुटली."

"मग माता खोटी कशी?"

इतर बुवांचं बरं असतं, त्यांच्या औषधानं काही होत नाही. इथं खरोखर गुण आला होता, आणि त्या गुणावर विश्वास ठेवून एक माणूस आपला रक्तदाब वाऱ्यावर सोडून बसला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. उरलेलं भस्म अक्कांनी कागदावर काढून दिलं. मी भिंगातून पाहिलं. चकचकीत तपकिरी सालीचे बारीक तुकडे दिसले. मी आणखी निरखत होते, तेवढ्यात अक्कांनी चिमूटभर उचलून जिभेवर टाकलं. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, आणि चकित झाल्या की त्या माहेरच्या बोलीवर जातात.

"अवं माय! हाई ते जवसनी चटणी शे! मीठ-मिरची टाकानं ऱ्हाई गयं!"

मी भिंग खाली ठेवलं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पुखराजजींच्या दुकानात गेले. "जवस आहे का?"

"अळशी? संपली, बाई. तुमच्याकडे जवस, आमच्याकडे अळशी, आणि मॉलमध्ये गेली की तीच फ्लॅक्स सीड. दर शनिवारी तो झुलाल पोतंच उचलून नेतो. देवाचं काम आहे, म्हणतो. कालच मला विचारत होता, दळून मिळेल का." मग त्यांनी घरातून एक बरणी आणली. "घरवाली सज्जनबाईनं लाडवांसाठी ठेवली होती. यातली घ्या."

घरी येऊन मी संस्कृतचा कोश काढला. अतसी, स्त्रीलिंगी नाम: जवस. मी तसंच पान उघडं धरून अक्कांकडे गेले. महाराज इतके दिवस माईकवरून खरं नाव सांगत होते, फक्त संस्कृतात.

अक्का पोट धरून हसल्या. "बठ्ठं जळगाव जवसले हात जोडी ऱ्हायनं!" मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "पण यांना मी सांगितलं तर ऐकणार नाहीत. यांना डोळ्यांनी दाखवायला पाहिजे. तिथंच."

पुढच्या रविवारी झुलालनं आबांचं नाव पुकारलं, तेव्हा अक्काही उठल्या. अनुभवी भक्ताची पत्नी म्हणून झुलालनं आनंदानं त्यांच्या हातात माईक दिला. अक्कांनी पिशवीतून आमची वाटी, घरी दळलेलं जवस आणि थर्मास काढला. दोन चमचे पूड, पाच चमचे कोमट पाणी. वाटी त्यांनी मांडवाला लागून उभ्या असलेल्या हिलालच्या रिक्षाच्या सीटवर नेऊन ठेवली.

"आज या रिक्षाची पीडा बांधायची," त्या म्हणाल्या.

"मनी रिक्षाले बी तोच तरास शे," हिलाल म्हणाला. "चोकप!"

"जप पाहिजे!" झुलाल ओरडला.

"करते की. अहो, तुम्ही वेळ लावा."

आबांनी सवयीनं घड्याळ काढलं. अक्कांनी माईक तोंडाशी धरला.

"पाव किलो जवस घ्यायचं. मंद आचेवर भाजायचं. तडतडायला लागलं की उतरवायचं, बोलत बसायचं नाही, करपतं. मग लसणाच्या दहा पाकळ्या. लाल मिरच्या आपापल्या तोंडाप्रमाणं. जिरं. आणि मीठ. मीठ विसरायचं नाही, काही लोक विसरतात..." इथं त्यांनी महाराजांकडे पाहिलं.

मांडवातल्या बायका पुढं सरकल्या. कोणी विचारलं, शेंगदाणे घालायचे का? अक्का म्हणाल्या, मूठभर चालतील. कोणी म्हणालं, आम्ही तीळ घालतो. त्यावर थोडा वाद झाला. महाराज दोनदा "ये क्या चल रहा है" म्हणाले, पण बायकांनी त्यांना गप्प बसवलं.

"अकरा मिनिटं," आबा म्हणाले.

मी वाटी आणली. हिलालनं टोपी काढली. "मना डोकावर धरा. मांगे दोन दिन डोकाले धनासना वास ये. बायको म्हने, कोन्हा घर जेवी उना?"

मी त्याच्या डोक्यावर वाटी उलटी केली. पाणी हललं नाही. मग मी झुलालच्या दुसऱ्या डब्याचं झाकण काढून पहिल्या ओळीतल्या बायकांपुढं धरलं. त्यांना कोश लागला नाही. "धन्याची पूड!" तिघी एकदम म्हणाल्या.

"माता सर्वव्यापी है!" महाराज उठून उभे राहिले. "रिक्षात पण माता, चटणीत पण माता!"

"असू दे," अक्का म्हणाल्या. "मंग यासनी बीपीनी गोळी काब बंद करी?"

महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. "गोळी? हमने कब बोला? आम्ही तर फक्त आशीर्वाद देतो."

आबांनी खिशातून छोटी डायरी काढली. गार्डची सवय. चष्मा लावून पान उलटलं.

"चौदा तारीख. सात वाजून चाळीस मिनिटं. याच माईकवर. 'बीपी की गोली नदी में फेंक दो.'" त्यांनी डायरी मिटली. "मी फेकली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली. नदीत पाणी कुठं होतं?"

महाराज उपरणं सावरू लागले. आबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, सिग्नल नीट दिसत नसताना पाहावं तसं. मग म्हणाले, "दिपमाला, डॉक्टर रविवारी भेटतील का?"

हिलाल आधीच रिक्षात बसला होता.

डॉक्टरांनी आबांना भरपूर ऐकवलं, तपासलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. जवस खायला त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त गोळी आणि जवस यांत दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी मी मोजलं, तेव्हा आकडा एकशे बत्तीस आणि चौऱ्याऐंशी होता. महाराजांचा मांडव त्याआधीच उठला होता. कुठं गेले, माहीत नाही. तुमच्या गावी आले असतील, तर हे लक्षात ठेवा.

जवसाच्या सालीत असा पदार्थ असतो, जो पाणी धरून फुगतो आणि चिकट होतो. वाटीत होतो, तसा पोटातही होतो. शिवाय सालीचा चोथा असतो, आणि दोन्ही मिळून मळ मऊ करून पुढं सरकवतात. त्याला जप लागत नाही, वेळ लागतो. अख्खं जवस बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून कुटून घ्यावं. रोज एखादा चमचा, भाकरीच्या पिठात, वरणात, नाहीतर चटणी करून. सुरुवात थोडक्यानं करावी आणि वर पाणी भरपूर प्यावं, नाहीतर उलट अडेल. एवढंच त्याचं काम. रक्तदाब, साखर, दमा यांवरच्या गोळ्या ते सोडवत नाही. एका गोष्टीचा गुण आला, की ती सांगणाऱ्याचं सगळंच खरं मानायचं नसतं. प्रत्येक गोष्ट वेगळी तपासायची. वाटी, पाणी आणि घड्याळ कोणाच्याही घरात असतं.

परवा मी दुपारी अक्कांकडे गेले, तेव्हा आबा जेवायला बसले होते. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कडेला जवसाची चटणी. जुन्या सवयीनं आबांनी चटणीला हात जोडले आणि डोळे मिटले.

अक्कांनी तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

"हात नका जोडू," त्या म्हणाल्या. "पानी प्या."