पूर्ण एक मिनिट

सकाळी आठच्या फेरीत नवीने अठरा खाटांचे तक्ते भरले आणि श्वासांच्या रकान्यात अठरा वेळा वीस लिहिले. वॉर्डात तशी पद्धतच पडून गेली होती. ताप थर्मामीटर सांगे, रक्तदाब यंत्र सांगे; श्वास मात्र घड्याळावर नजर ठेवून मिनिटभर मोजावे लागत, आणि तेवढे मिनिट कोणाच्याच हाताशी नसे. पहिल्या आठवड्यात ती मोजत असे. तिसऱ्या आठवड्यात तिचाही हात सरावला होता.

नर्सिंगची पदवी घेऊन नुकत्याच रुजू झालेल्या या मुलीला सगळे नवीच म्हणत. तीन महिन्यांनी मोठ्या सिस्टर तिच्या कामाचा अहवाल लिहिणार होत्या. नोकरी कायम होणे त्यावर अवलंबून होते.

दहाच्या सुमारास ती सात नंबरच्या काकांची सलाइन बदलायला गेली. काका जन्मभर शिवणकाम केलेले. मांडीच्या हाडाचे ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. ते लेकीला आपला लाडका किस्सा सांगत होते.

"माप घ्यायला गेलं की... गिऱ्हाईक पोट आत ओढतं." काका थांबले. "म्हणून मी आपला... गप्पा मारता मारता... टेप फिरवायचो."

"बाबा, हे मला तोंडपाठ आहे. दम खा जरा."

सलाइनच्या नळीवरचा नवीचा हात थबकला. काल दुपारी काकांनी तिलाही हा किस्सा ऐकवला होता, एका दमात, वर दोन कोपरखळ्या मारून.

"काका, हात द्या बघू."

नाडी पाहत असल्यासारखे तिने मनगट धरले. नजर मात्र त्यांच्या छातीवर होती. श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणूस ते नकळत आवरतो. पूर्ण एक मिनिट. तीस. तिने पुन्हा मोजले, तीसच. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला, तर एक्क्याण्णव.

खाटेची डोक्याकडची बाजू उंच करून, काकांना उठू देऊ नका असे लेकीला बजावून ती मोठ्या सिस्टरांच्या टेबलाशी आली.

"सिस्टर, सात नंबरचे श्वास तीस आहेत, ऑक्सिजन एक्क्याण्णव. डॉक्टरांना फोन करते."

"आठ वाजता किती होते?"

तक्ता समोरच होता. वीस, तिच्याच अक्षरात, खाली तिचीच सही. वीस म्हटले असते तर कोणी खोदून विचारले नसते. पण दम आत्ता अचानक चढला की हळूहळू चढत आला, हे डॉक्टरांना कळणे भाग होते.

"माहीत नाही. वीस लिहिलंय, पण मोजले नव्हते."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा वर सरकवला. "अहवाल मी लिहिणार आहे, हे ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग फोनवरही असंच सांग. गुळमुळीत बोलू नकोस." त्या उठल्या आणि ऑक्सिजनचा मास्क घेऊन सात नंबरकडे गेल्या.

डॉक्टरबाईंनीही तोच प्रश्न विचारला.

"आठची नोंद धरू नका, डॉक्टर. ती मी न मोजता लिहिली आहे. काल दुपारी ते सलग बोलत होते. आज तीन-चार शब्दांवर थांबतात."

"हे बोलण्याचं बरं लक्षात आलं. येते मी."

तपासणीत पायातल्या रक्ताच्या गुठळीचे तुकडे फुप्फुसात गेल्याचे दिसले. दुपारच्या आत उपचार सुरू करून काकांना अतिदक्षता विभागात हलवण्यात आले. जाताना त्यांनी मास्क जरासा उचलला. "मघाशी माप घेत होतीस ना... पोरी?"

"मास्क लावा, काका. गप्पा नंतर."

मोठ्या सिस्टरांनी तक्त्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून नवीने वीस खोडले, बाजूला 'न मोजता लिहिले' असे लिहून वेळ घातली, सही केली.

"हे अहवालात येईल."

"येऊ द्या," नवी म्हणाली आणि दुसरा तक्ता ओढला. "बाकीचे सतराही खोडते. मग मोजायला जाते."

मोठ्या सिस्टर तक्ता चाळत होत्या. काल संध्याकाळच्या विसावर त्यांची स्वतःची सही होती. त्यांनी पेन मागितले, तिथे रेघ मारली आणि मनगटावरचे घड्याळ सोडून हातात घेतले.

"एक ते सहा तू घे. आठपासून मी बघते. आणि अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही."

नवी एक नंबरच्या खाटेशी जाऊन उभी राहिली आणि सेकंदकाटा बारावर येण्याची वाट पाहू लागली.