चष्म्यावरची वाफ

आमच्या फुलांच्या मळ्यावर गुलाबांच्या थंड खोलीतून बाहेर आलं की माझ्या चष्म्याच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या व्हायच्या. दोन्ही हातांत फुलांच्या बादल्या, पायाखाली ओली फरशी आणि पुढचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी दारातच थांबायची. मग दाराजवळच्या टेबलावर खोक्यांत फुलं भरणारी ग्रिसेल्दा माझ्या नाकावरून चष्मा काढायची, आपल्या स्वेटरला पुसायची आणि परत माझ्या कानांवर चढवायची. तेव्हा तिची बोटं माझ्या कानशिलांना लागायची. उबदार, जरा खरखरीत.

आई गेल्यापासून मला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. नाताळात सगळे गालाला गाल लावतात, ते मी धरत नाही. बोगोताजवळच्या फाकातातिवा गावात एक खोली भाड्याने घेऊन राहते, लग्न केलं नाही, राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून शेजारणीही चार हात लांब. रडगाणं गात नाही, आहे ते सांगते. दिवसभरात जितक्या फेऱ्या, तितक्यांदा ग्रिसेल्दाची बोटं. मला तेवढं पुरत होतं.

तिची जीभ मात्र कात्रीसारखी. "आली बघा आमची आंधळी कोशिंबीर! अगं ओदिलिया, ते डोळ्यांचं ऑपरेशन करून टाक एकदाचं. तुझा चष्मा पुसून पुसून माझा स्वेटर झिजला!" सगळा हॉल हसायचा. मीही हसायची. पण फेब्रुवारीच्या हंगामात, जगभरच्या प्रेमिकांना गुलाब पाठवताना आमच्या कमरा मोडलेल्या असताना, तिने एकदा ते हळूच म्हटलं, फक्त मला ऐकू जाईल असं. "खरंच सांगते, करून टाक." कुणी हसलं नाही. ते माझ्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं आपण हिच्या डोक्याला ताप झालोय, असं वाटून मला रात्रभर झोप आली नाही.

हंगाम संपताच बोगोताच्या दवाखान्यात नाव घातलं. सोबत माणूस असल्याशिवाय ते आत घेत नाहीत. ग्रिसेल्दाला कोणत्या तोंडाने विचारणार? घरमालकीण दोन्या एर्मिंदाला नेलं.

"मला रक्त बघवत नाही हं," ती बसमध्येच म्हणाली. "मी आपली बाहेर टीव्हीपाशी बसेन."

"तुम्हाला आत कोण घेतंय?"

"मग बरंय."

आत मला आडवं केलं, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवल्या. मी हात पुढे केला तेव्हा नर्सने त्यात एक रबरी चेंडू दिला. "हा दाबा, बाई." मला वाटलं होतं, ती हात धरेल. डोळ्यावर काहीतरी घट्ट बसलं, सगळं काळं झालं, मग एक हिरवा ठिपका दिसायला लागला. "त्याच्याकडेच बघा, हलू नका, छान," डॉक्टर म्हणत होते. जळक्या केसांसारखा वास आला. दुखलं अजिबात नाही.

घरी दोन्या एर्मिंदाने दारातूनच गरम गुळाचं पाणी दिलं आणि ती गेली. प्लास्टिकच्या झाकणांखाली डोळे कांदा चिरल्यासारखे चुरचुरत होते. थेंब माझे मीच घातले, अर्धे गालावर.

सकाळी झाकणं काढली तर खिडकीतून डोंगरावरची निलगिरीची झाडं वेगवेगळी दिसली. मला खरंच आनंद झाला. "अगं बाई, ते बघ!" असं मोठ्याने म्हणून मी वळले. खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यातली जळमटं तेवढी स्वच्छ दिसली.

कामावर परतल्यावर पहिल्याच फेरीला थंड खोलीतून बाहेर आले, तर सगळं लख्ख. ग्रिसेल्दाचा हात सवयीने वर आला आणि हवेतच थांबला.

"अय्या, विसरलेच की! चला, सुटले मी!"

काही दिवस तिचा हात असा वर यायचा. मग येईनासा झाला. मी मात्र दारात थांबतच राहिले. "ओदिलिया, वाट सोड गं, पुतळा झालाय का तुझा?" मागच्या बायका ओरडायच्या.

मे महिन्यात, मातृदिनासाठी फुलं जातात तेव्हा, सोरांखेल नावाची नवी मुलगी आली. जाड भिंगाचा चष्मा. बादल्या घेऊन ती दारात ठेचकाळत थांबली. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला देठं कापत होते. ग्रिसेल्दाने तिचा चष्मा काढला, स्वेटरला पुसला. "ऑपरेशन करून टाक बाई, स्वेटर झिजला माझा!" मुलीचं तोंड एवढंसं झालं. आणि मला ग्रिसेल्दाचा चेहरा दिसला. तापातल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवताना आईचा होतो, तसा. चष्मा पुसताना तिचा चेहरा कसा असतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझा चष्मा तिच्या हातात असायचा ना. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मला हुंदका आला, आणि मी डोळ्यांत थेंब घालायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड फिरवलं.

जेवणाच्या सुट्टीत सोरांखेल माझ्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, तुम्ही केलंय ना, ते ऑपरेशन दुखतं का हो? ग्रिसेल्दाताईंना माझा फार त्रास होतो, म्हणून विचारते."

"दुखत नाही," मी म्हटलं. "पण तिच्यासाठी करू नकोस. तिला त्रास होत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुझा चष्मा तिच्या हातात असतो, तेव्हा तुला तिचं तोंड दिसत नाही. मी लांबून पाहिलं."