चार टायरांची शेकशेगडी

बोरी बुद्रुकच्या माळावर त्या साली पौषात अशी थंडी पडली, की कोंबडा आरवायला चोच उघडायचा आणि उन्हं वर येईपर्यंत ती मिटायचीच नाही. नेमकी त्याच सकाळी गोरखची शर्यत होती.

माळावरचा नवा डांबरी रस्ता उद्घाटनाला पावणा मिळेना म्हणून बंद होता. तिथं हौशी गडी मोटारी पळवायचे. गोरखची फियाट खरं तर नारायणगावच्या मोहनलालशेठची. मागच्या साली पहिल्याच वळणावर तिनं लोटांगण घातलं, तेव्हा शेठ म्हणाले होते, "गोरखभाऊ, अजून एकदा हरलात, की शिटा काढतो अन् टमाट्याचे क्रेट भरतो."

गोरखला दोष कळला होता. शर्यतीचं रबर तापलं तरच रस्ता धरतं. गार असलं, की नुसती साबणाची वडी.

म्हणून पहाटेपासून चारी टायर सरूआत्याच्या बाजेवर. निम्म्या गावाला तान्हेपणी तिनंच शेकलेलं. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, वरून वाकळ. गोरख बसेना. दारापर्यंत जाई, परत येई, वाकळीखाली हात घाली.

"उघडू नगंस रं! वारं लागंल."

"पर तापलं का, आत्या?"

"उलटा हात लावून बघ. हां! तुझ्यापरीस ही चौघं शाणी हायेत. गप पडल्यात."

शर्यतीच्या रेघेवर गाडीला टायर चढवले, तर झेंडेवाला चिमाजी चहाला गेलेला. गोरखचा जीव खालीवर. रबर निवतंय! आत्यानं चौघांना कुंच्या घातल्या, पक्क्या गाठी मारल्या, काजळाची तीट लावली. माळ खो खो हसला.

"बारसं कधी, राव?" शेठनीही विचारून घेतलं.

तेवढ्यात चिमाजी आला तो झेंडा हलवतच. बाकीच्या गाड्या सुटल्या. गोरख चौथ्या कुंचीची गाठ दातांनी सोडतोय! सुटली एकदाची. पहिल्या वळणावर पाहतो तर पुढच्या गाड्या गारठलेल्या रबरावर घसरून एकीमागं एक टमाट्याच्या वावरात शिरलेल्या. फियाट मात्र ओव्याचा वास सोडत वळणाला अशी चिकटली, की म्हणतात, मागं डांबरच सोलून निघालं.

शेठनी किल्ल्या गोरखच्या हातात ठेवल्या. "क्रेट ऱ्हायले. गाडी तुमची."

पुढच्याच आठवड्यात मंचरला शर्यत. गोरख टायर न्यायला आला. माळावरची शर्यत संपताच आत्यानं फियाट आपल्या अंगणात आणायला लावली होती आणि, "घामेजल्यात," म्हणत ते उतरवून घरात नेले होते. आता ती उंबऱ्यातच बसली होती.

"आत्या, सर की!"

"सव्वा महिना व्हायच्या आत? मंचरच्या वाऱ्यात? न्हाई जमायचं."

अंगणात फियाट दगडांवर उभी होती. गोरख तिच्याभोवती किल्ल्या खुळखुळवत फिरत राहिला, आणि आत आत्यानं चिमूटभर ओवा शेगडीत टाकला.