बोट न कापणारी करवत

आमच्या ह्यांना धारेची कुठलीही वस्तू सोसत नाही. तेलाचा डबा उघडताना अंगठा, पेन्सिलीला टोक करताना तर्जनी, आणि एकदा तर नुसत्या पोस्टाच्या पाकिटाच्या कडेनं करंगळी. पस्तीस वर्षं कचेरीत फायली सांभाळल्या, म्हणून हात शाबूत राहिले. त्र्याहत्तर साली निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात म्हणाले, तान्ह्या पोळ्यासाठी जयाचा लाकडी बैल मी स्वतः बनवतो. मी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

जया आमची नात, सहा वर्षांची, कामठीला राहणारी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरं आपापले लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात. त्या वर्षी जयाही धरमपेठेत आमच्या गल्लीतल्या रांगेत पहिल्यांदाच उभी राहणार होती. बाजारातून बैल आणला असता की विषय मिटला असता. पण ह्यांनी मला न विचारता लेकीकडे पोस्टकार्ड टाकून दिलं होतं, की बैल घेऊ नका, आजोबा घरीच करून राहिले. पोस्टकार्ड काही परत बोलावता येत नाही.

"करवत आणा लागंल," हे म्हणाले.

"मंग बोटं इथंच ठेवून जा," मी म्हणाले.

तीन दिवस अबोला झाला. शेवटी मी अट घातली. करवत स्वस्त पाहिजे, बोट न कापणारी पाहिजे, आणि दुकानात मी सोबत येणार.

इतवारीत नत्थूजींचं हत्यारांचं दुकान होतं. मी सरळ विचारलं, "बोट न कापणारी करवत आहे का?"

नत्थूजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे. "बाई, लाकूड तं कापलं पायजे ना?"

"ते नंतर पाहू."

त्यांनी पहिली काढली ती सुताराची मोठी करवत. तिचे दात पाहूनच मी मान हलवली. मग हॅक्सॉ काढली. ही लोखंडाचा पाइप कापते, असं ते कौतुकानं सांगू लागले. जी लोखंड कापते ती ह्यांना काय सोडणार होती? तिसरी होती जाळीची करवत. वाकवलेल्या सळईची हातभर कमान आणि तिच्या दोन टोकांत ताणलेलं दोऱ्याएवढं बारीक पातं. देव्हाऱ्याची नक्षी कापायला वापरतात म्हणे. किंमत सात रुपये, वर डझनभर पाती.

"हिच्यानं बोट कापायचं म्हणलं तं एक दिवसाची रजा टाका लागंल," नत्थूजी म्हणाले. "जोर केला का पातंच तुटते."

मी पिशवीतून एक भेंडी काढली आणि गल्ल्यावर ठेवली. नत्थूजींनी तिच्यावर पातं फिरवलं. भेंडीचे दोन तुकडे झाले.

"भेंडीत हाड नसते, बाई," नत्थूजी म्हणाले. हे एवढ्या केविलवाण्या नजरेनं त्या करवतीकडे पाहत होते, की मी पैसे काढले.

घरी आल्यावर नियम ठरले. काम व्हरांड्यात, माझ्या नजरेसमोर. दोन्ही हातांत मोजे. आणि रोज संध्याकाळी मी बोटं मोजल्याशिवाय ताट मिळणार नाही. मोजे म्हणजे शेजारच्या श्रीधरचे विकेटकीपिंगचे. कॉलेजच्या टीममध्ये होता तो. पोराला वाटलं, काकांनी म्हातारपणी क्रिकेट सुरू केलं.

ह्या करवतीनं जाड लाकूड कापलं जात नाही, म्हणून किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं. त्याच्या पातळ फळीवर ह्यांनी बैल काढला. अर्थातच एका बाजूनं. त्याच्या पोटावर इंग्रजीत 'आसाम' असं छापलेलं आलं. फळी स्टुलावर ठेवून, ते भलेमोठे मोजे घालून हे रोज करवत चालवायचे. पहिल्या आठवड्यात स्टुलाची कड कापली गेली. दुसऱ्या आठवड्यात धोतराचा काठ. पाती तर चुलीत घालायच्या काड्यांसारखी मोडत होती. पण रोज संध्याकाळी हे हात पुढे करायचे आणि मी मोजायची. दहा.

"पाह्यलं?" हे ऐटीत म्हणायचे.

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. बैल जवळजवळ झाला होता, मागचे दोन पाय सुटे करायचे तेवढे राहिले होते. अकराच्या सुमाराला मोज्यातून करवत घसरली आणि मागचा एक पाय मधोमध तुटून खाली पडला. डब्यात एकच पातं उरलं होतं आणि जया दोनच्या बसनं येणार होती.

हे मोजे काढून पायरीवर बसले. दहाची दहा बोटं गुडघ्यांवर ठेवून तीन पायांच्या बैलाकडे बघत राहिले. मला आधी राग आला. गावभर मिरवून जाळतात ती मारबत आज सगळ्या गावाची पीडा घेऊन जाते, तिनं ही करवतही न्यावी, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा. मग त्या मोज्यांकडे लक्ष गेलं. असले मोजे घालून मला कोणी पोळी लाटायला सांगितलं असतं तर? बैलाचा पाय ह्यांनी नाही, मी तोडला होता. फार वाईट वाटलं.

"सरका तिकडं," मी म्हणाले.

"काहून वं?"

"बैलाचा पाय कापाले. सरका."

शेवटचं पातं लावलं, खोक्याच्या उरलेल्या फळीवर पाय काढला आणि उघड्या हातानं कापला. कणीक तिंबणाऱ्या हाताला ते जमलं. पाय सुटून आला आणि पाठोपाठ पातं माझ्या डाव्या तर्जनीत शिरलं. रजा वगैरे काही टाकावी लागली नाही, नत्थूजी खोटं बोलले होते.

ह्यांनी पळत जाऊन हळद आणली, धोतराचा तोच कापलेला काठ फाडून चिंधी बांधली. मग दोन खिळ्यांनी पाय ठोकला आणि दोऱ्याच्या रिळांची चाकं लावली. जया आली तेव्हा बैल तयार होता.

"आजोबा, हा तं पापड आहे," ती म्हणाली, आणि दोरी धरून पळाली.

रांगेत मात्र त्या पापडाचंच नशीब फळफळलं. पहिल्या ओळीत दोन गलेलठ्ठ बैलांच्या मध्ये वीतभर फट होती, तिथं जयाचा बैल सहज मावला. परीक्षक बापूजी समोर येऊन थांबले.

"बाई, तुझा बैल कुठी गेला?"

जयानं बैल आडवा फिरवला. अचानक एवढा मोठा बैल समोर आलेला पाहून बापूजी दोन पावलं मागे सरकले. बक्षीस नाही मिळालं. पण पोरीनं ते फिरवणं इतक्या लोकांना करून दाखवलं की रिळाचं एक चाक झिजलं.

संध्याकाळी मी जेवायला बसले तर माझ्यासमोर ताट नव्हतं. ताट ह्यांच्या हातात होतं.

"आधी हात दाखव," हे म्हणाले.

मी दोन्ही हात पुढे केले. जया खिदळत होती. हे एकेक बोट धरून मोजत गेले आणि चिंधीपाशी आल्यावर थांबले. चिंधी अंमळ सैल झाली होती, ती नीट केली. मला रडू यायला लागलं, आणि ते बोट दुखत होतं म्हणून नव्हतं.

"दहा," म्हणायला ह्यांना फार वेळ लागला. मीही हात ओढून घेतला नाही.