फळ्याकडे तोंड करून

आपल्याला बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा हेवा वाटला नाही, असं अंजना मगदूम बाई स्वतः सांगायच्या. खरंही असेल. उचगावच्या त्या शाळेत हेवा करण्याजोगं होतं तरी कोण? मग दोन हजार चार सालच्या जूनमध्ये सुष्मिता आली.

सुष्मिता ही फिरती शिक्षिका. ज्या शाळेत ऐकू न येणारं किंवा नीट न दिसणारं मूल असेल तिथं आठवड्यातून एकदा जायचं आणि त्या मुलाला तासभर शिकवायचं, ही तिची नोकरी. उचगावात ती शुक्रवारी कोल्हापुरातून स्कूटीवर यायची, ते बाईंच्या तिसरीतल्या भूमिकासाठी. भूमिका जन्मापासून बहिरी. कानाला मशीन होतं, पण त्यातून नुसता कालवा ऐकू यायचा. समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द ओळखायची.

पहिलीपासून तिला बाईंनीच सांभाळलं होतं. रडली तर कडेवर घेतलं, हात धरून अक्षरं गिरवून घेतली, मशीनची चेष्टा करणाऱ्या पोरांचे कान पिळले. आणि सुष्मिता आल्यावर चार महिन्यांत, तेही शुक्रवारच्या तासाभरात, ही पोरगी घरी जाऊन चक्क "आजा" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा आजा रुद्राप्पा काकवीची बाटली घेऊन शाळेत आला. बाईंना वाटलं, आपल्यालाच आणली. त्यांनी हातही पुढं केला.

"फिरत्या बाईंना द्या की तेवढी," रुद्राप्पा म्हणाला. "शुक्रवारपातूर तुमच्याजवळ ऱ्हाऊ दे. पोरीला वाचा दिली बघा त्यांनी."

बाईंनी बाटली कपाटात ठेवली. आठवडाभर खडू काढायला कपाट उघडलं की पोटात दुखायचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली, असं त्यांनी घरी तीनदा सांगितलं. पोरगी बोलली हे बरंच झालं की, असं नवरा म्हणाला, तर त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा आमटी मिळाली नाही.

शुक्रवारी सुष्मितानं बाटली घेतली आणि जाता जाता बाईंना एक विनंती केली. फळ्यावर लिहिताना बोलू नका, लिहून झालं की वळून बोला, म्हणजे भूमिकाला ओठ दिसतील. बाई तोंडानं हो म्हणाल्या. काल आलेली पोर मला शिकवणार, असं मनात म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई फळ्याकडे तोंड करून शिकवू लागल्या. याला कुणी गुन्हा म्हणणार नाही. निम्मे मास्तर जन्मभर फळ्यालाच शिकवतात. पण बाई मुद्दाम करत होत्या. भूमिका आधी मान वाकडी करून बघायची, मग बाकावरून अर्धी उठायची, शेवटी शेजारणीच्या वहीत डोकावू लागली. बाईंना ते कळत होतं. कधी कधी वळावंसंही वाटायचं. पण शुक्रवारी फाटकात स्कूटी दिसली की भूमिका अशी हरखून धावत सुटायची, की पुढचा आठवडा बाईंची पाठ आणखी ताठ व्हायची.

फेब्रुवारीतल्या चाचणीत भूमिकाला वीसपैकी तीन गुण पडले. शुक्रवारी हेडमास्तरांनी रुद्राप्पाला बोलावून घेतलं; बाई आणि भूमिकाही तिथंच होत्या. साध्या शाळेत झेपत नसेल तर लांबच्या गावी, वसतिगृह असलेल्या मूकबधिर शाळेत घालावं लागेल, असं सुष्मितानं त्याला समजावलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सुष्मिता भूमिकासमोर बसली आणि वर्गात काय अडतं ते तिनं सावकाश विचारलं.

भूमिकानं आधी बाईंकडे पाहिलं.

"बाई शिकवतात," ती तुटक तुटक म्हणाली. "मी बघत न्हाय."

सुष्मितानं त्या शाळेसाठी शिफारस लिहायला जड हातानं कागद पुढं ओढला. बाईंना आता नुसतं गप्प बसायचं होतं. पोरगी गेली की स्कूटीही बंद होणार होती. पण जिला तीन महिने आपली पाठ दाखवली, तिनं खोटं बोलून आपल्याला वाचवावं, हे बाईंना सोसेना.

"तसं लिहू नका," त्या म्हणाल्या. "ती बघते. मीच फळ्याकडं तोंड करून बोलते. दिवाळीपासनं. मुद्दाम."

हेडमास्तर सावरून घेऊ लागले, सवयीनं होतं म्हणाले, सगळ्यांचंच होतं.

"सवयीनं न्हवं, सर. मला ह्या बाईंचा हेवा वाटला. पोरगी माझी होती."

सुष्मितानं पेनाला टोपण लावलं. भूमिका बाईंच्या ओठांकडे टक लावून बघत होती, आणि तिला सगळं कळलं. ती उठली आणि आज्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.

पोरगी त्याच शाळेत राहिली. सोमवारी बाईंनी फळ्यावर धडा लिहिला, खडू ठेवला आणि वळून अगदी तिच्या बाकासमोर येऊन बोलायला सुरुवात केली. भूमिका खाली वहीत बघत बसली होती.