धूसर झालेला राजवाडा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. रत्नागिरीत मांडवी बंदराजवळ हरिश्चंद्र फोटोग्राफरांचा स्टुडिओ होता. तिथल्या मागच्या भिंतीवर एकोणीसशे बावीस सालापासून मी टांगलेला असे. रघू पेंटरने जाड मांजरपाटावर मला रंगवले. राजवाड्याचा जिना, गुलाबांच्या कुंड्या, हंसांचे तळे, सारे त्याने मला दिले.

खेड्यापाड्यांतली माणसे मला पाहून हरखून जात. मुंबईला निघालेले चाकरमानी बोट गाठण्याआधी माझ्यासमोर ताठ उभे राहत. "राजवाडा नीट येऊ दे हां!" असे बजावत. फोटोत माझे एकेक पान स्पष्ट उमटे आणि मी फुलून जाई.

मग एकोणीसशे एकतीस साली मुंबईहून कापसात गुंडाळलेले एक पितळी भिंग आले. हरिश्चंद्रांनी ते कॅमेऱ्याला बसवले, त्याचे तोंड पूर्ण उघडले आणि गिऱ्हाइकाचे स्टूल माझ्यापासून चार हात पुढे ओढले. तो फोटो समोर वाळत घातला तेव्हा मी हबकलोच. माणसाची पापणीन् पापणी दिसत होती. आणि मी? जिना नाही, हंस नाही. नुसते धुके!

त्या दिवसापासून मत्सराने माझ्या मनात घर केले. भिंगाला रोज पुसत, पेटीत जपून ठेवत. माझ्यावर कोळी जाळी विणत, तरी कोणी झटकत नसे. "चेहरा कसा बोलतोय!" असे कोणी म्हटले की माझे अंग जळे. ते भिंग पडून फुटावे, असेही माझ्या मनात येई.

एकदा कार्तिकात जनी नावाची म्हातारी आपल्या मुलाला, विठूला, घेऊन आली. विठू आगबोटीवर खलाशी होता. त्याच दुपारी तो मुंबईला आणि तिथून दोन वर्षांसाठी परदेशी निघणार होता. जनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने पिशवीतून विठूचा जुना फोटो काढला. माझ्याच पुढ्यात काढलेला, त्यात माझे सगळे काही लख्ख दिसत होते.

"दादा, ह्या झाडाकुंड्यांत माजा पोर खय हाय, तो माला गावतच नाय," ती म्हणाली. "त्याचं नुसतं तोंड दिसंल, आसं काढा."

मला ते फार झोंबले. हरिश्चंद्रांनी विठूला पुढे बसवले आणि भिंगाचे झाकण काढले, इतक्यात खिडकीतून खारा वारा आला. मला सावरता आले असते की नाही, कोण जाणे. पण मी सावरलो नाही. शिडासारखा फुगलो. माझा खालचा दांडा भिंतीवर धाडकन आपटला, विठू दचकून वळला आणि कॅमेऱ्यातली फोटो उमटायची काच वाया गेली. खरे सांगतो, मला आनंद झाला.

तेवढ्यात बंदरात भोंगा झाला. विठू उठलाच. "आये, बोटीवर न्हेणारा पडाव सुटंल!"

"येकच दम थांब," जनी म्हणाली. ती चाचपडत माझ्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरून उभी राहिली. मी निमूट राहिलो. हरिश्चंद्रांनी दुसरी काच लावून फोटो घेतला. विठू आईच्या पाया पडून धावत सुटला.

आठवड्याने जनी आली. फोटो डोळ्यांशी नेऊन ती बराच वेळ बघत राहिली. "ह्यो बघा! हनवटीवरचा वण पन हाय!"

"आजी, कडेला तुमचे हातही आलेत," हरिश्चंद्र म्हणाले. "पण धूसर. ओळखू येत नाहीत."

"माजं हात कशाला व्हयेत? पोर दिसला ना!"

मला माझीच लाज वाटली. माझा मत्सर पार गेला, असे खोटे सांगणार नाही. पण त्यानंतर भिंग फुटावे असे मी कधी म्हटले नाही.

आता मी माळ्यावर आहे. मित्रांनो, माझी घडी घालू नका, घडीवर रंग तुटतो. बांबूला गुंडाळून ठेवा. आणि त्या भिंगालाही उन्हाळ्या-पावसाळ्यात जपा. आपल्या दमट हवेत काचेला बुरशी धरते. फक्त हे मी सांगितले, असे त्याला कळू देऊ नका.